दुरुस्त करून पुन्हा दाखवा

“मोठा डी, डिअर, मोठा पी, पप्पा, कॉम,” मी वाचलं.

समोरच्या खुर्चीत मधाळे सरांनी डोळे मिटून मान हलवली. म्हणजे पुढे चला.

“नवी ओळ. मोठा आय, आय, ॲम, रायटिंग, धिस, इन, मोठा ई, इंग्लिश, बिकॉज, यू, विल, नॉट, रीड, इट, अदरवाइज, टिंब.”

मान पुन्हा हलली. सरांच्या हातातली लाल पेन्सिल कोऱ्या कागदावर अधांतरी थांबली होती आणि चेहऱ्यावर स्वच्छ प्रूफ ऐकताना यायचं ते समाधान होतं.

पत्र त्यांच्या मुलीचं होतं. नऊ वर्षांनी आलेलं. आणि मी ते असं वाचत होते, कारण सात वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी असंच बोलत आलो होतो.

मिरजेत तेव्हा नेर्लेकरांचा छापखाना होता. कॉलेजांची इंग्रजी नियतकालिकं, डॉक्टरांची जाडजूड पुस्तकं, कुठल्या कुठल्या परिषदांचे अहवाल, असलं काम तिथे यायचं. खाली यंत्रं, मागच्या पडवीत बाइंडिंग आणि वर माळ्यावर प्रुफांची खोली. मी बाविसाव्या वर्षी सासरहून ट्रंक घेऊन भावाकडे परत आले आणि चार महिन्यांनी या छापखान्यात छापील कागदांच्या घड्या घालायला लागले. भावजय वाईट नव्हती. फक्त माझी ट्रंक कुठे ठेवायची हे तिचं शेवटपर्यंत ठरलं नाही.

एक दिवस मधाळे सर जिना उतरून पडवीत आले. सॅम्युएल मधाळे, छापखान्याचे मुद्रितशोधक. पांढरा शर्ट, खिशाला लाल डाग, कुणाशी न बोलणारा माणूस. आम्हा घड्यावाल्या बायकांना त्यांनी विचारलं, इंग्रजी अक्षरं कुणाला वाचता येतात, पण इंग्रजी येत नाही? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी हात वर केला. आठवीपर्यंत शिकलेली, अक्षरं सगळी येत होती, इंग्रजी अजिबात येत नव्हतं. एवढी तंतोतंत माझ्या मापाची जागा मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

काम असं की लेखकाचा मूळ कागद मी मोठ्याने वाचायचा आणि सरांनी समोरच्या प्रुफावर डोळा ठेवून ते जुळवायचं. नुसते शब्द नाहीत, कागदावर जे जे आहे ते सगळं वाचायचं. स्वल्पविराम म्हणजे कॉम. पूर्णविराम म्हणजे टिंब. कॅपिटल अक्षर म्हणजे मोठा. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही, कीर्तन करायचं नाही.

“अर्थात शिरायचं नाही, मगदूमबाई,” सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. “अर्थात शिरलं की डोळा घसरतो. माणूस आहे ते वाचत नाही, असायला हवं ते वाचतो.”

मग ती एवढीशी चिन्हं कशाला, असं मी कधीतरी धीर करून विचारलं. सर बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसले. मला वाटलं, आता काही सांगत नाहीत.

“लिहिणारा समोर नसतो ना,” ते म्हणाले. “समोर असता तर तो मध्येच थांबला असता, श्वास घेतला असता, हात हलवून समजावलं असतं. तो नाही म्हणून ही टिंबं. वाचणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून.”

सात वर्षांत त्यांनी माझ्याशी केलेलं हे सगळ्यांत लांब बोलणं.

दिवसभर माझं तोंड चालायचं आणि त्यातला एक शब्द माझा नसायचा. घरी भाऊ कामापुरतं बोलायचा, मी टिंबापुरतं. एकदा भाजीत मीठ कमी आहे म्हणताना माझ्या तोंडून शेवटी ‘टिंब’ निघालं, तर भाची दोन दिवस हसत होती. आमच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत. जैनांच्या घरी असतेच, पण भावजय त्याबाबत फार कडक होती, उशीर झाला तर ताट झाकून ठेवलं जायचं नाही, उचललं जायचं. सरांनी हे कधी विचारलं नव्हतं. पण सव्वापाच वाजले की ते वाक्याच्या मध्येच पेन्सिल खाली ठेवायचे आणि खिडकीकडे बघत म्हणायचे, “तुमची वेळ झाली.” माझ्या जेवणाची वेळ लक्षात ठेवणारं जगात तेवढंच एक माणूस होतं आणि त्याला माझं पहिलं नाव माहीत होतं की नाही कोण जाणे.

आम्हा दोघांचं एकेक गुपित होतं.

माझं असं, की मी इंग्रजी शिकत होते. रद्दीतून एक डिक्शनरी उचलली होती. तिची एस नंतरची पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे टीपासून पुढचं इंग्रजी मी अंदाजाने शिकले. दिवसभर जे वाचायचं ते रात्री शोधायचं. हळूहळू अर्थ लागायला लागला. हे मी सरांना सांगितलं नाही. ज्या अडाणीपणावर नोकरी मिळाली तो संपला असं कोण सांगतं?

सरांचं गुपित असं, की त्यांना दिसेनासं झालं होतं. काचबिंदू. तेही मला कुणी सांगितलं नाही. वर्षापूर्वी एका सकाळी मी येऊन बसले तर लाल पेन्सिल टेबलावर माझ्या बाजूला ठेवलेली होती. बस. त्या दिवसापासून मूळ कागद मीच वाचायची, प्रूफही मीच वाचायची, सर डोळे मिटून ऐकायचे आणि कुठे फरक पडला की बोट वर करायचे. खूण मी करायची. प्रुफाखाली त्यांचं नेहमीचं वाक्यही मीच लिहायची, ‘दुरुस्त करून पुन्हा दाखवा’. नेर्लेकरांच्या आप्पांना पत्ता नव्हता. नोकरी गेली तर सर त्या दोन खोल्यांत एकटे भिंतीकडे बघत बसले असते, आणि भिंतही दिसली नसती. बायको मुलगी लहान असतानाच गेलेली. मुलगी रूथ, तिला नर्सिंगला दक्षिणेत पाठवलेलं, ती तिकडचीच झाली.

रूथबद्दल सर एकदाच बोलले होते, तेही पोस्टाची तक्रार करावी तसं. ती कॉलेजातून पत्रं पाठवायची, इंग्रजीत, कारण सरांचा तसा नियम. सर डबा खाता खाता ती तपासायचे. लाल शाईने सगळे कॉम, सगळी टिंबं जागच्या जागी बसवायची, खाली ‘दुरुस्त करून पुन्हा दाखवा’ लिहायचं आणि परत पाठवायचं. “एवढं बारकाईनं कुठला बाप बघतो?” ते म्हणाले. “शेवटच्या पत्रात अठरा चुका होत्या. त्यानंतर पत्र आलंच नाही.”

आणि आता आलं होतं.

सप्टेंबरची पंधरा तारीख होती. सव्वापाच झाले, मी पिशवी उचलली. त्या दिवशी सरांनी माझी वेळ झाल्याचं सांगितलं नाही. खिशावर हात ठेवून म्हणाले, “मगदूमबाई, एक पत्र वाचायचं होतं. घरचं आहे.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन समोरच्या कौलांवर चढलं होतं. पर्युषण चालू होतं, त्यात भावजयीला उशीर चालला नसता. मी म्हटलं, “आल्यावर वाचू का, सर?”

“हो हो. घाई काही नाही.”

सोळा, सतरा, अठरा माझी सुटी होती, पर्युषणाचे शेवटचे दिवस. एकोणीसला मी आले. दुपारी साडेतीनला हातातलं काम संपलं तेव्हा सरांनी पाकीट काढलं. कडा खिशात राहून मऊ पडल्या होत्या, पाकीट मात्र फोडलेलंही नव्हतं. वास्तविक खाली चार माणसं इंग्रजी वाचणारी होती. पण त्यांना वाचायला सांगायचं म्हणजे डोळ्यांचं सांगायचं. म्हणून ते चार दिवस माझ्यासाठी थांबले होते.

आणि पत्र पुढे ठेवताना त्यांनी टेबलावरून चाचपत लाल पेन्सिल स्वतःच्या हातात घेतली. वर्षभराने.

मी वाचत गेले. मोठा, कॉम, टिंब. वाचता वाचता मला ते समजत गेलं आणि मी आवाज सपाट ठेवत गेले. सात वर्षांची सवय होती, नाहीतर दुसऱ्या वाक्यालाच बसला असता तो. मला वाटत होतं, सर आता थांबवतील. आता पेन्सिल टाकतील. एका वाक्यात तारीख होती. मी वाचलं, “एटीन, सप्टेंबर, कॉम”, आणि वर्ष वाचलं. सरांच्या ओठांच्या कडेला हसू आलं.

शेवटचं टिंब वाचून मी थांबले. खाली यंत्र चालू होतं.

“स्वच्छ,” सर म्हणाले. “एकही चूक नाही. तारखेतला कॉमसुद्धा बघा, बरोबर घातलाय. पूर्वी विसरायची.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इंग्रजीत मुरलेला माणूस. त्याने पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत ऐकलं होतं, आणि त्यातलं काहीही ऐकलेलं नव्हतं.

“सर,” मी म्हटलं, “मला इंग्रजी कळतं.”

त्यांना हे पत्राबद्दल आहे असं वाटलं नाही. कपाळाला आठी पडली. “केव्हापासून?”

“तीन-चार वर्षं झाली.”

“सांगायचं नाही का,” ते म्हणाले. रागाने नाही. मीही त्यांना त्यांच्या डोळ्यांबद्दल काही म्हणू शकले असते, पण म्हटलं नाही.

“मी परत वाचते,” मी म्हटलं. “मराठीत. टिंबं वाचणार नाही.”

मी वाचलं. जिथे कॉम होता तिथे जराशी थांबले आणि जिथे टिंब होतं तिथे श्वास घेतला.

“प्रिय पप्पा, हे पत्र मी इंग्रजीत लिहिते आहे, कारण नाहीतर तुम्ही ते वाचणार नाही. नऊ वर्षांपूर्वी मी तुम्हाला माझ्या लग्नाला बोलावलं होतं. ते पत्र तुम्ही लाल करून परत पाठवलंत. लग्नाच्या तारखेत तुम्ही कॉमा घातलात, पप्पा, पण लग्नाला आला नाहीत.”

सरांची पेन्सिल कागदाला टेकली आणि तिथेच राहिली.

“आम्ही आता बंगलोर सोडून पुण्याला राहायला चाललो आहोत. अठरा सप्टेंबरला आमची गाडी सकाळी मिरजेवरून जाईल. तिथे ती पंचवीस मिनिटं थांबते. मी पुस्तकांच्या स्टॉलपाशी उभी राहीन. बरोबर माझी मुलगी असेल. ती सहा वर्षांची आहे आणि तिला मी आईचं नाव दिलंय. तुम्ही आलात तर ती तुम्हाला बघेल. आला नाहीत तर मी पुन्हा लिहिणार नाही. हे पत्र परत पाठवू नका.”

मी कागद टेबलावर ठेवला.

“आज किती तारीख?” सरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. सकाळी त्यांनीच प्रुफांवर घालायला सांगितली होती.

“एकोणीस.”

स्टेशन छापखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. आदल्या सकाळी ते कुठे होते हे मी विचारलं नाही. इथेच असणार, या खुर्चीत, पाकीट खिशात ठेवून. आणि मी मंदिरात होते.

“मी तुम्हाला त्या दिवशी विचारलं होतं,” सर म्हणाले.

“हो, सर.”

“तुमची जेवायची वेळ झाली होती,” ते म्हणाले, आणि ते अशा आवाजात म्हणाले की चूक माझी नाही, हे मला कळावं. मला कळलं नाही. अजूनही नीटसं कळलेलं नाही.

मग ते म्हणाले, “ते शेवटचं पत्र. लग्नाचं. त्यात लग्न होतं हे मला आज कळतंय. अठरा चुका होत्या, एवढंच आठवतं. कुठल्या होत्या तेही सांगू शकतो.” मग त्यांनी पेन्सिल माझ्या बाजूला सरकवली. “पत्ता घातलाय का तिने?”

घातला होता. वर उजव्या कोपऱ्यात, पुण्याचा नवा. पुन्हा न लिहिण्याची धमकी देणाऱ्या पत्रावरही पत्ता जागच्या जागी होता, ती सवय बापाची.

“कागद घ्या,” सर म्हणाले. “मी सांगतो. पण टिंबं सांगणार नाही. तुम्हाला वाटेल तिथे घाला.”

मी हादरले. सात वर्षांत मी हजारो कॉम वाचले होते, पण स्वतःच्या मनाने एकही घातला नव्हता. सर इंग्रजीत सांगू लागले, तुटक तुटक. मला माहीत नव्हतं. माझे डोळे गेले आहेत. एक बाई माझ्यासाठी वाचतात, त्या आज आल्या. त्या वेळीही मला माहीत नव्हतं, पण तेव्हा डोळे होते. मी येणार होतो असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. मी आलो असतो.

रूथचं नाव घेताना त्यांचा आवाज अडकला, मी तिथे कॉम घातला. बायकोचं नाव घेताना अडकला, तिथेही घातला. व्याकरण मला कुठे येत होतं? ते जिथे जिथे थांबले तिथे तिथे मी थांबले. पानभर पत्र झालं आणि त्यावर कॉम असे पडले होते जशा ताटाभोवती मुंग्या. सही त्यांनी केली, ती ओळीखाली घसरत गेली. पाकीट मी टपालात टाकलं.

पुढचे दिवस आम्ही एका डॉक्टरांचं पुस्तक वाचत होतो, यकृतावरचं. सर बोट वर करायचे, मी खूण करायची. पोस्टमन साधारण अकराला यायचा. अकराच्या सुमाराला मी वाचताना आवाज थोडा हळू करायची, म्हणजे जिन्यावरचे पाय ऐकू यावेत. आवाज का उतरला म्हणून सरांनी कधी बोट वर केलं नाही. असे सव्वीस दिवस गेले. मी मोजले म्हणून माहीत.

सत्ताविसाव्या दिवशी टपाल उशिरा आलं, पाच वाजून गेल्यावर. पाकिटावर रूथचं अक्षर होतं. मी फोडलं, आणि आत आमचंच पत्र होतं. परत पाठवलेलं.

“काय लिहिलंय?” सरांनी विचारलं.

काही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे तिच्या मनाचं असं काही नव्हतं. माझ्या अक्षरातलं ते पानभर पत्र होतं आणि त्यावर लाल शाई. सूड घेतला म्हणावं तर तसंही होतं. त्यांनी तिच्याशी जे केलं तेच तिने बोटभरही कमी न करता त्यांच्याशी केलं होतं.

“मगदूमबाई?”

“तिने तपासलंय, सर,” मी म्हटलं.

“किती?” सरांनी विचारलं.

मी मोजल्या. “सतरा.”

“सतरा,” सर म्हणाले. “तिच्यापेक्षा एक कमी.”

त्या सतराही चुका माझ्या होत्या. माझ्या लिहिण्यावर आयुष्यात कुणी लाल शाई वापरली ती तेवढीच, आणि तिला माझं नावही ठाऊक नव्हतं. हे बोलायची ती वेळ नव्हती.

“वाचा,” सर म्हणाले. “खुणा वाचा.”

मी वाचल्या. हा कॉम काढला, तो काढला, इथे टिंब घातलं. यकृत वाचावं तशा सपाट वाचत गेले. तिच्या आईच्या नावाअलीकडचा कॉम आला. तोही चुकीचाच होता, तिने त्यावर लाल रेघ मारली होती. पण त्या रेघेखाली तीन बारीक ठिपके दिले होते. छापखान्यात असे ठिपके दिले की खोडलेलं पुन्हा जिवंत होतं. राहू द्या, असा त्याचा अर्थ.

“खाली ठिपके आहेत, सर,” मी म्हटलं.

सरांनी हात पुढे केला. मी त्यांचं बोट त्या जागेवर नेऊन ठेवलं. शाईचे ठिपके बोटाला लागत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी बोट तिथून उचललं नाही.

“आणखी?”

“अगदी तळाला एक ओळ आहे.” ती ओळ मी प्रुफांखाली शेकडो वेळा लिहिली होती. तरीही ती वाचताना आवाज सपाट ठेवणं मला जमलं नाही. “दुरुस्त करून पुन्हा दाखवा.”

खिडकीतलं ऊन कौलांवरून निघून गेलं होतं. सरांना दिसत नव्हतं, पण खोली गार झाली की त्यांना वेळ कळायची. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. “तुमची वेळ झाली,” ते म्हणाले. आवाज त्यांनी नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला होता.

मी पिशवी उचलली, खुर्चीच्या पाठीला अडकवली, आणि कोरा कागद पुढे ओढला.

“सांगा, सर,” मी म्हटलं.

त्या दिवशी मी जेवले नाही.